एक लेखक, एक वर्ष, दोन भाषा : न्गुगी वा थिओंगो

ऑडिओ नेहमीच्या जागी आहेच. ज्यांचा डेटा संपलाय किंवा लोकलमध्ये ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘काय म्हणत होतो मी’ काढून टाकलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.

सुरुवात करू १९७७ सालापासून. जागा आहे केनियाची राजधानी नैरोबी. जुलै महिन्यात एका इंग्रजी कादंबरीचं प्रकाशन झालं, ‘पेटल्स ऑफ ब्लड’. कादंबरीत काय होतं? गोरे गेले, झेंडा बदलला, पण जमिनी, बँका आणि कारखाने काळ्या साहेबांच्या खिशात गेले आणि शेतकरी होता तिथेच राहिला. म्हणजे नव्या राज्यकर्त्यांची सालटीच काढली होती. आणि प्रकाशनाला पाहुणे म्हणून कोण आले? देशाचे अर्थमंत्री, म्वाई किबाकी.

आता त्याच वर्षीचा ऑक्टोबर. लेखक तोच आणि विषयही जवळपास तोच. फक्त या वेळी नाटक होतं, गावातल्या मैदानावर होतं आणि गिकुयू भाषेत होतं. २ ऑक्टोबरला पहिला प्रयोग झाला. १६ नोव्हेंबरला सरकारनं परवाना काढून घेतला. आणि ३० डिसेंबरच्या मध्यरात्री पोलिसांच्या गाड्या लेखकाच्या दारात आल्या. आरोपपत्र नाही, खटला नाही. थेट तुरुंग.

न्गुगी वा थिओंगोवरचा हा भाग करायचं मी बरेच दिवस टाळत होतो. कारण त्याची जी गोष्ट इंटरनेटवर फिरते ती एकच, ‘तुरुंगात टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिणारा लेखक’. ती खरी आहे, आपण तिच्यापर्यंत येऊच. पण मला जास्त छळणारा प्रश्न आधीचा आहे. जे इंग्रजीत लिहिल्यावर मंत्री हार घेऊन येतो, तेच गिकुयूत लिहिल्यावर पोलीस का येतात?

(मी त्याला ‘तो’ म्हणतोय. आपण तुकोबाला ‘तू’ म्हणतो ना, तेवढ्याच हक्कानं घ्या.)

न्गुगीचा जन्म ५ जानेवारी १९३८ चा, नैरोबीजवळच्या लिमुरू भागात. थंड हवेचा, चहाच्या मळ्यांचा हा प्रदेश. इथली उत्तम जमीन इंग्रजांनी गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखून ठेवली होती, आणि ज्यांची ती होती ते तिथेच मजूर झाले. वडिलांच्या चार बायका, भावंडांचा मोठा गोतावळा. न्गुगी तिसऱ्या बायकोचा, वान्जिकूचा मुलगा. वडिलांनी एक जमीन जुन्या पद्धतीनं, साक्षीदारांसमोर तोंडी व्यवहार करून घेतली होती. विकणाऱ्यानं तीच जमीन पुढे दुसऱ्याला विकली, कागद करून. कोर्टानं कागद मान्य केला. न्गुगीनं ही हकीकत आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्या घरातली पोरं ऐकत असतील, तर त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शाळेत घातलं ते आईनं. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. जवळपास नऊ वर्षांच्या पोराला तिनं विचारलं, शाळेत जायचंय का? आणि अट घातली, दुपारी पोटाला मिळालं नाही तरी शाळा सोडायची नाही. पुढे हा कितीही मार्क घेऊन आला तरी तिचा प्रश्न ठरलेला. याहून चांगलं जमलं असतं का रे तुला?

मग १९५२ चा ऑक्टोबर. गिकुयूंच्या बंडामुळे, ज्याला इंग्रज माउ माउ म्हणायचे, त्यांनी आणीबाणी जाहीर केली. न्गुगीचं घर दोन्ही बाजूंनी भरडलं गेलं. थोरला भाऊ बंडखोरांना सामील होऊन जंगलात गेला. आईला ठाण्यावर डांबून तिचा छळ झाला. गितोगो नावाचा सावत्र भाऊ बहिरा होता. सैनिक ‘थांब’ म्हणून ओरडले, त्याला ऐकूच आलं नाही, आणि त्याला गोळी घातली. १९५५ मध्ये न्गुगी अलायन्स हायस्कूल या नामांकित मिशनरी शाळेत गेला. पहिल्या सुट्टीत पेटी घेऊन घरी आला, तर घर नाही. घरच काय, गावच नाही! इंग्रजांनी अख्खी वस्ती जमीनदोस्त करून लोकांना पहाऱ्याखालच्या नव्या गावात हलवलं होतं. त्या काळात दहा लाखांहून जास्त गिकुयू लोकांना असं उठवलं गेलं. न्गुगीच्या माणसांना जिथे नेलं त्या गावाचं नाव कामिरिथू. हे नाव लक्षात ठेवा.

आता शाळेतल्या एका गोष्टीबद्दल. आणीबाणीनंतर गिकुयू लोकांनी चालवलेल्या शाळा इंग्रजांनी ताब्यात घेतल्या आणि शाळेच्या आवारात गिकुयू बोलणं हा गुन्हा झाला. सापडलं की छड्या, किंवा ‘मी गाढव आहे’ अशा अर्थाची पाटी गळ्यात. आणि पकडायची पद्धत काय? सकाळी एका मुलाकडे एक बटण द्यायचं. कुणी मातृभाषेत बोललं की त्यानं ते बटण त्याच्या हातात टेकवायचं. त्यानं पुढच्याच्या. संध्याकाळी बटण ज्याच्याकडे असेल तो सांगणार कुणी दिलं, तो सांगणार त्याला कुणी दिलं, आणि अशी दिवसभराची सगळी साखळी उघडी पडायची. मास्तरांना काही करावंच लागत नव्हतं. पोरंच एकमेकांवर पाळत ठेवत होती.

हे वाचलं तेव्हा मी मोबाईल उलटा ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसलो. कारण आमच्या शाळेत (नाव घेत नाही) मराठी बोललं की एक रुपया दंड होता आणि नावं लिहायचं काम मॉनिटरचं. सातवीत मॉनिटर मी होतो. माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राचं बोट एकदा बाकाच्या फळीत चेमटलं आणि तो ‘आई गं’ म्हणाला. मी त्याचं नाव लिहिलं. त्यानं दुसऱ्या दिवशी रुपया आणून दिला, काही बोलला नाही. मला त्या महिन्यात बाईंनी ‘सिन्सियर’ म्हटलं होतं.

असो. न्गुगी हुशार निघाला. पुढे युगांडातलं मकेरेरे विद्यापीठ. तिथे १९६२ मध्ये आफ्रिकन लेखकांचं मोठं संमेलन भरलं. त्याला बोलावणं होतं ते फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांना! आफ्रिकेच्या भाषांत लिहिणारे नामवंत म्हातारे बाहेर, आणि दोन-चार इंग्रजी कथा छापून आलेला हा विद्यार्थी आत. पुढे न्गुगीनं यावर स्वतःचीच टिंगल केली आहे. पण तेव्हा तो खूश होता. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’वाला चिनुआ अचेबे तिथे आला होता. न्गुगीनं त्याला आपलं हस्तलिखित दाखवलं, अचेबेनं शब्द टाकला, आणि १९६४ मध्ये ‘वीप नॉट, चाइल्ड’ छापून आली. पूर्व आफ्रिकेतल्या लेखकाची प्रसिद्ध झालेली ही पहिली इंग्रजी कादंबरी मानतात. मग ‘द रिव्हर बिटवीन’, मग इंग्लंडातल्या लीड्सला शिक्षण, आणि १९६७ मध्ये ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’. माझ्या मते त्याची सगळ्यात चांगली कादंबरी हीच. स्वातंत्र्याचा सोहळा चार दिवसांवर आलाय आणि गावाला शोधायचंय की आपल्या हुतात्म्याला इंग्रजांच्या हवाली कुणी केलं.

तोपर्यंत पुस्तकावर नाव असायचं जेम्स न्गुगी. ‘जेम्स’ त्यानं नंतर टाकून दिलं. नैरोबी विद्यापीठात शिकवायला लागल्यावर १९६८ मध्ये दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यानं अर्ज केला की इंग्रजी विभाग बंद करा, आफ्रिकेचं साहित्य मध्यभागी ठेवा आणि बाकी जग त्याच्या भोवती शिकवा. बरीच भांडणं झाली, पण विभागाची रचना खरंच बदलली.

पण एक काटा सलत राहिला. त्याच्या कादंबऱ्या शेतकऱ्यांबद्दल, मजुरांबद्दल होत्या. त्यातली आई त्याच्या आईसारखी होती. आणि आईला त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती.

१९७६ मध्ये कामिरिथूतली एक बाई सकाळीच त्याच्या दारात आली. तुम्ही शिकलेले आहात, पुस्तकं लिहिता, मग गावासाठी काहीतरी करा. गावात एक मोडकळीला आलेलं युवा केंद्र होतं, ते चालू करायचं होतं. न्गुगी काहीतरी सबब सांगून मोकळा झाला. ती पुढच्या रविवारी परत आली. त्याच्या पुढच्या रविवारीही. शेवटी हा गेला. या बाईचं आधुनिक साहित्याच्या इतिहासात मोठं नाव असायला हवं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

केंद्रात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले, आणि मग नाटक करायचं ठरलं. न्गुगी आणि न्गुगी वा मिरी (हा दुसरा न्गुगी, गोंधळू नका) यांनी मिळून ‘न्गाहिका न्देंदा’ लिहिलं. अर्थ, ‘मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन’. दीडएक एकर जमीन असलेला एक मजूर, त्याच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला जमिनीचा कागद, आणि तो कागद हळूहळू गिळणारा श्रीमंत, देवभीरू मालक.

संहिता गावापुढे वाचली गेली आणि गावानं ती सोलून काढली. म्हातारा माणूस असं बोलत नाही. आमच्यात लग्नाचं गाणं असं नसतं. जंगलात लढून आलेले लोक प्रेक्षकांत होते, त्यांनी बंदुका कशा बनवायच्या ते दाखवलं. नट कोण? चहाच्या मळ्यातल्या बाया, लिमुरूच्या बाटा कारखान्यातले कामगार, बेकार पोरं. तालमी उघड्यावर व्हायच्या, त्यामुळे पहिल्या प्रयोगाआधीच निम्म्या गावाला नाटक पाठ झालं. थिएटरही लोकांनीच बांधलं, उघड्या आकाशाखाली, सुमारे २००० माणसं बसतील एवढं. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला इथे त्याची स्वतःची भाषा नव्यानं शिकावी लागली. हे त्यानंच कबूल केलंय.

लोक लांबलांबून यायला लागले. आणि साडेसहा आठवड्यांत सरकारचं धाबं दणाणलं. इंग्रजी कादंबरी कितीही जहाल असली तरी ती कपाटात बसते, तिच्यावर परिसंवाद होतो. हे नाटक बघून मजूर घरी जाताना आपल्या मालकाचं नाव घेत होते. नैरोबीत टाळ्या वाजवणाऱ्या मंत्र्याला कुणी फसवलं नव्हतं. त्याला बरोबर ठाऊक होतं की हे पुस्तक कोण वाचणार आणि कोण नाही.

तुरुंग होता कामिती. माउ माउचा नेता देदान किमाथी याला इंग्रजांनी १९५७ मध्ये फाशी दिली ती इथेच. आता इंग्रज नव्हते, पहारेकरी आणि मंत्री दोन्ही केनियन होते. न्गुगीचा कैदी नंबर के ६,७७. दात दुखायला लागला तेव्हा दवाखान्यात न्यायला सरकार तयार होतं, पण साखळदंड घालून. त्यानं नकार दिला. बरेच महिने दात तसाच ठणकत राहिला. बाहेर त्याच्या मुलीचा जन्म झाला, आणि ती त्याला दिसली ती फोटोत.

आणि कोठडीत त्यानं ठरवलं, यापुढची कादंबरी गिकुयूत. ज्या भाषेमुळे आत टाकलं, त्याच भाषेत. कागद म्हणून टॉयलेट पेपर. तिथला टॉयलेट पेपर कैद्यांना टोचावा असाच खरखरीत असायचा, आणि म्हणूनच त्यावर पेन छान चालायचं! शब्द अडला की गप्पांच्या ओघात पहारेकऱ्यांनाच विचारायचं. त्यांना पत्ता नव्हता की आपण कादंबरीला हातभार लावतोय. एकदा झडतीत सगळे कागद जप्त झाले. महिनोन्महिन्यांची मेहनत गेली असं तो धरून बसला. तीनेक आठवड्यांनी अधिकाऱ्यानं परत आणून दिले, यात काही गैर दिसलं नाही म्हणून. फक्त गिकुयू फार अवघड आहे, अशी त्याची तक्रार होती.

कादंबरीचं नाव ‘शाइतानी मुथाराबा-इनी’. शाइतानी म्हणजे सैतान. होय, शब्द तोच आहे. अरबीतून एका बाजूनं स्वाहिलीमार्गे गिकुयूत गेला, दुसऱ्या बाजूनं आपल्याकडे आला. क्रुसावर चढवलेला सैतान. गोष्ट भन्नाट आहे. एका गावात चोरांची आणि दरोडेखोरांची स्पर्धा भरते. एकेक शेठ व्यासपीठावर येतो आणि आपण देशाला कसं लुटलं ते अभिमानानं सांगतो. एकाची पुढची योजना अशी, की माती डब्यांत भरून विकायची आणि जमलं तर हवासुद्धा. १९७८ मध्ये हा विनोद होता.

ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा वारले. नवे राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई, म्हणजे न्गुगीला आत टाकणाऱ्या सरकारचेच गृहमंत्री, यांनी १२ डिसेंबरला त्याला सोडलं. विद्यापीठातली नोकरी परत मिळाली नाही. १९८० मध्ये कादंबरी छापली. ५००० प्रती, चार-पाच वर्षांत खपतील अशा हिशोबानं. महिनाभरात पुन्हा ५००० छापाव्या लागल्या आणि वर्ष संपायच्या आत तिसऱ्यांदा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शाळकरी पोरं रात्री वाचून दाखवायची. बारमध्ये एकजण मोठ्यानं वाचायचा, रंगात आलं की थांबून रिकामा ग्लास दाखवायचा, आणि लोक ओरडायचे, अरे भरा त्याचा ग्लास! म्हटलं तर हाही पॉडकास्टच. आमच्यापेक्षा कमाई बरी होती एवढंच.

पुढचं भराभर सांगतो. मार्च १९८२ मध्ये पोलिसांनी कामिरिथूचं थिएटर पाडून टाकलं. जूनमध्ये न्गुगी पुस्तकाच्या कामासाठी लंडनला गेला, आणि परत आलास तर विमानतळावरच ‘स्वागत’ आहे असा निरोप आला. तो गेलाच नाही. बावीस वर्षं.

परदेशातून १९८६ मध्ये त्यानं ‘मातिगारी’ ही गिकुयू कादंबरी आणली. नायक मातिगारी जंगलातून परत येतो आणि देशभर विचारत फिरतो, या देशात सत्य आणि न्याय कुठे मिळेल? गावागावांत लोक याबद्दल इतकं बोलायला लागले की गुप्तचरांनी अहवाल धाडला, मातिगारी नावाचा इसम फिरतोय आणि प्रश्न विचारतोय. त्याला पकडायचा हुकूम निघाला! मग कळलं की तो कादंबरीतला आहे. शेवटी १९८७ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी दुकानांतून पुस्तकच उचलून नेलं. ही हकीकत न्गुगीनंच सांगितली आहे आणि सांगताना त्याला मजा आली असणार.

त्याच १९८६ चं ‘डीकॉलोनायझिंग द माइंड’. बटणाची गोष्ट यातच आहे. यात त्यानं इंग्रजीत सर्जनशील लिखाण बंद केल्याचं जाहीर केलं. ते जाहीर केलं इंग्रजीत, आणि गंमत म्हणजे मीही ते इंग्रजीतच वाचलं.

इथे अचेबेची बाजू सांगायलाच हवी. त्याचं म्हणणं, इंग्रजी आता माझ्या हातात आहे, मी ती वाकवून माझी करीन. नायजेरियात शेकडो भाषा आहेत, सगळ्यांशी बोलू कसा? केनियातही चाळीसहून जास्त भाषा आहेत, आणि गिकुयू ही तिथली काही दुबळी जमात नाही. संख्येनं सगळ्यात मोठी, खुद्द केन्याटा त्याच समाजाचे. मग लुओ बोलणाऱ्या पोरीनं न्गुगीला वाचायचं कसं? न्गुगीचं उत्तर होतं, भाषांतर. आणि तेही इंग्रजीला मध्ये न घेता, एका आफ्रिकन भाषेतून थेट दुसरीत. उत्तर सुंदर आहे. पण तो स्वतः अमेरिकेत प्राध्यापक झाला, कादंबऱ्या स्वतःच इंग्रजीत आणत राहिला, आणि जगानं त्या तिथेच वाचल्या. लेखक झालेली त्याची मुलंही मुख्यतः इंग्रजीत लिहितात. मला अचेबे पटतो. पण अचेबेच्या बाजूनं बोलताना मला नेहमी ते बटण आठवतं, आणि मी जरा अडखळतो.

आणखी एक. २०२४ मध्ये त्याचा मुलगा मुकोमा, जो स्वतः लेखक आहे, त्यानं जाहीरपणे लिहिलं की वडील आईला मारायचे. तुरुंगात पाठवलेल्या फोटोमागे जी बाई होती, तीच ही, न्याम्बुरा. ती तोवर हयात नव्हती. हे मी वगळलं असतं तर भाग जास्त देखणा झाला असता.

२००४ मध्ये मोईंची सत्ता गेलेली होती, आणि न्गुगी बायको न्जेरीला घेऊन केनियात परतला. विमानतळावर गर्दी लोटली होती. ‘मुरोगी वा कागोगो’ ही नवी गिकुयू कादंबरी बरोबर होती. काही दिवसांतच नैरोबीतल्या घरात बंदूकधारी शिरले. त्याला मारहाण केली, चटके दिले आणि न्जेरीवर बलात्कार केला. तिनं ते लपवलं नाही, उघडपणे सांगितलं. कायमचं राहायला तो परत आलाच नाही. २८ मे २०२५ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ८७ व्या वर्षी तो गेला.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल, तर ‘ड्रीम्स इन अ टाइम ऑफ वॉर’. लहानपणच्या आठवणी आहेत, फोनवरही वाचून होतात. मग ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’.

आणि हो, हा भाग रेकॉर्ड करून झाल्यावर मी लिंक त्या बाकावरच्या मित्राला पाठवली. तो आता बंगळुरूला असतो. दोन दिवसांनी उत्तर आलं : ‘ऐकलं. रुपया परत कधी देतोयस? व्याज धरून.’

अकरा रुपये पाठवलेत, यूपीआयनं.